आईची, सिरमची आणि लसीची प्रतिकारशक्ती: कोल्हापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

कुत्रा चावल्यावर ‘सिरम’ आणि ‘लस’ अशी दोन वेगळी इंजेक्शने कशाला? बाळाला रक्त चढवले म्हणून गोवराचा डोस पुढे का गेला? आईने गरोदरपणात डोस घेतले, तरी बाळाला पुन्हा कशाला टोचायचे? कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारापासून चंदगडच्या उपकेंद्रापर्यंत हे प्रश्न रोज विचारले जातात. बाहेरून मिळालेले तयार संरक्षण वेगळे आणि शरीराने स्वतः घडवलेले संरक्षण वेगळे, हे एकदा नीट कळले की यातली बरीच उत्तरे आपोआप सुटतात. खालची माहिती समजून घेण्यासाठी आहे. चावा, दंश किंवा श्वासाचा त्रास असेल तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

निष्क्रिय लसीकरण म्हणजे नेमके काय?

जंतू किंवा विष निकामी करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे (अँटीबॉडी), दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली असतात आणि ती थेट आपल्याला मिळतात. देणारा माणूस असू शकतो, घोडा असू शकतो, आणि हल्ली प्रयोगशाळेत पेशींकडूनही ती बनवून घेतात. सर्वसामान्य भाषेत आपण याला सिरम म्हणतो. त्याचा गुण असा की ते काही तासांतच कामाला लागते. मर्यादा अशी की ते टिकत नाही. माणसाच्या रक्तातून मिळालेली प्रतिपिंडे साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात, घोड्याची त्याहून लवकर संपतात, आणि शरीर त्यातून काहीच शिकत नाही.

लसीचे उलट आहे. लस म्हणजे मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याचा एखादा भाग. तो पाहून शरीर स्वतः प्रतिपिंडे बनवते आणि तो जंतू लक्षात ठेवते. त्याला पहिल्या वेळी दहा-चौदा दिवस लागतात, पण संरक्षण वर्षानुवर्षे राहते. सिरम म्हणजे उसने पैसे, लस म्हणजे स्वतःची कमाई. उसने घेतले म्हणून कमावणे थांबवायचे नसते, म्हणूनच अनेक प्रसंगी दोन्ही एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या जागी देतात.

आईकडून बाळाला काय मिळते आणि ते किती दिवस पुरते?

आईच्या रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. त्यातली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातात. त्यामुळे सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला हा साठा फारच थोडा मिळतो आणि ते बाळ जास्त नाजूक असते. पुऱ्या दिवसांच्या बाळात तो पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने घटत जातो.

दुसरी देणगी दुधातून येते. पहिल्या दोन-तीन दिवसांचा घट्ट पिवळसर चीक आयजीए प्रतिपिंडांनी भरलेला असतो. तो रक्तात जात नाही, आतड्याच्या आतल्या बाजूवर राहून जुलाबाच्या जंतूंना अडवतो. म्हणून चीक काढून टाकू नका, आणि पहिले सहा महिने मध, गुळाचे पाणी, जन्मघुटी काहीही नको. बाळाच्या तोंडात बाहेरचा जंतू जायची सुरुवात बहुधा याच गोष्टींतून होते.

आईकडे जे नाही ते बाळाला मिळत नाही. आईला गोवर झाला नसेल आणि लसही मिळाली नसेल, तर बाळ पहिल्या दिवसापासून गोवरापुढे उघडे असते. क्षयाचे तर आणखी वेगळे. त्याच्याशी लढाई प्रतिपिंडांपेक्षा पेशी करतात, आणि त्या पेशी वारेतून येत नाहीत. क्षयाची लस, बीसीजी, जन्मल्याबरोबर देतात ती याचसाठी.

गरोदरपणात टीडीचे इंजेक्शन बाळासाठी असते की आईसाठी?

दोघांसाठी. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. गरोदरपण कळताच पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. आधीच्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील आणि मधे तीन वर्षांपेक्षा कमी काळ गेला असेल, तर एकच बूस्टर पुरतो. आईच्या शरीराने बनवलेली धनुर्वाताची प्रतिपिंडे बाळात उतरतात आणि नाळेच्या जखमेतून होणारा नवजात धनुर्वात टळतो. भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. सुरक्षित बाळंतपणाइतकाच या साध्या इंजेक्शनचा त्यात वाटा आहे. डांग्या खोकल्यापासूनही बाळाला वाचवायचे तर खाजगीत टीडॅप मिळते, ती २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घ्यावी.

सरकारी वेळापत्रकात कोणती लस कधी आणि कुठे टोचतात?

जन्मल्यावर: हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत (०.५ मिली, मांडीत), पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांच्या आत (२ थेंब), बीसीजी डाव्या दंडाच्या कातडीत. एक महिन्यापर्यंत बीसीजीचे माप ०.०५ मिली, नंतर ०.१ मिली.

सहाव्या आठवड्यात: पेंटाव्हॅलंट म्हणजे पेंटा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब या पाचांची एकत्र लस) डाव्या मांडीत, न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची लस) उजव्या मांडीत, इंजेक्शनचा पोलिओ (एफआयपीव्ही) ०.१ मिली उजव्या दंडाच्या कातडीत, शिवाय तोंडाने पोलिओ आणि रोटाव्हायरस (जुलाबाच्या विषाणूवरची लस). दहाव्या आठवड्यात पेंटा, तोंडाचा पोलिओ आणि रोटा. चौदाव्या आठवड्यात पुन्हा सहाव्या आठवड्यासारखेच सगळे.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर: एमआर म्हणजे गोवर-रुबेला (उजव्या दंडात, कातडीखाली), पीसीव्ही बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस (तो २०२३ पासून सुरू झाला) आणि ‘अ’ जीवनसत्त्व १ मिली, म्हणजे १ लाख युनिट. सोळा ते चोवीस महिन्यांत एमआरचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओ बूस्टर, ‘अ’ जीवनसत्त्व २ मिली. ते पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. पाच-सहा वर्षांचे झाल्यावर डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षी टीडी. जपानी मेंदूज्वराची लस फक्त त्या रोगाच्या जिल्ह्यांत असते, त्यामुळे बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्यांनी तिथल्या सिस्टरना विचारावे.

पल्स पोलिओचे थेंब या यादीशिवाय जादा असतात. कार्ड पूर्ण असले तरी ते द्यायचे.

एकाच दिवशी तीन सुया आणि दोन प्रकारचे थेंब, बाळाला झेपते का?

झेपते. दूध पिताना, मांडीवर फिरताना, जमिनीवर रांगताना बाळ रोज याच्या कितीतरी पट जंतूंना सामोरे जाते. दोन सुया एकाच मांडीत द्यायची वेळ आलीच, तर मधे किमान एक इंच अंतर ठेवतात. ‘एक आज, एक पुढच्या आठवड्यात’ असे वाटून घेतले की पुढचा आठवडा बहुधा येत नाही, आणि मधल्या काळात बाळ उघडे राहते. टोचताना बाळाला अंगावर पाजले तर रडणे लवकर थांबते.

गोवराची लस जन्मल्यावरच का देत नाहीत?

आईची प्रतिपिंडे आड येतात. एमआरमधला विषाणू जिवंत पण दुबळा असतो. त्याला बाळाच्या शरीरात थोडे वाढू दिले तरच शरीर शिकते. आईची प्रतिपिंडे त्याला आधीच मारून टाकतात आणि डोस वाया जातो. नऊ महिन्यांपर्यंत ती बरीच ओसरतात. तरीही काही बाळांत पहिला डोस लागत नाही, म्हणून दुसरा डोस हा बूस्टरपेक्षा राहिलेल्यांना पकडण्यासाठी असतो. तो टाळू नये. गावात गोवराची साथ असेल तर सहा महिन्यांपासूनही एक जादा डोस देतात. तो हिशोबात धरायचा नाही, नवव्या महिन्याचा आणि नंतरचा असे दोन्ही द्यायचेच.

आईची हिपॅटायटिस बी तपासणी पॉझिटिव्ह आहे. बाळासाठी काय करायचे?

इथे तासांचा हिशोब आहे. जन्मानंतर १२ तासांच्या आत बाळाला दोन इंजेक्शने: एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे माणसाच्या रक्तातून घेतलेली तयार प्रतिपिंडे (०.५ मिली). इम्युनोग्लोब्युलिन जन्माच्या वेळी अंगात शिरलेले विषाणू पकडते, लस पुढची तटबंदी बांधते. उशीर झाला तरी सात दिवसांपर्यंत ते देतात, पण दर तासाला उपयोग कमी होत जातो. जन्मतः लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत हा आजार कायमचा होतो आणि मोठेपणी यकृत खराब करतो, म्हणून एवढी घाई.

चूक बहुधा अशी होते: रिपोर्ट फाइलमध्ये असतो, पण बाळंतपण माहेरी, दुसऱ्याच दवाखान्यात होते. आठव्या महिन्यातच बाळंतपणाच्या दवाखान्याला सांगा आणि इम्युनोग्लोब्युलिन आधी आणून ठेवायला लावा. रात्री दोनला ते मेडिकलमध्ये शोधण्याची पाळी येऊ नये. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटा वेळेवर. बाळाची रक्ततपासणी नऊ महिन्यांनंतरच करा. त्याआधी केली तर टोचलेली उसनी प्रतिपिंडेच रिपोर्टमध्ये दिसतात आणि लस लागू पडल्याचा खोटा दिलासा मिळतो. अंगावर पाजायला हरकत नाही.

मुलाला कुत्रे चावले. सिरम लागते की नुसती लस पुरते?

सगळ्यात आधी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण धास्तीत दोन मिनिटेसुद्धा पंधरासारखी वाटतात. हळद, चुना, मिरची, तेल, कॉफी काही लावू नका. त्याने विषाणू आत दाबला जातो. नंतर पोव्हिडोन आयोडीन चालते.

मग जखमेची पायरी पाहतात. कुत्र्याने अखंड कातडीला नुसते चाटले तर काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा दात हलका लागला तर लस. रक्त आले, दात रुतला, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात वा तोंडात लाळ गेली तर तिसरी पायरी, म्हणजे लस आणि सिरम दोन्ही. मुलांमध्ये चावा बऱ्याचदा चेहऱ्यावर, मानेवर, हातावर होतो. तिथून मेंदू जवळ असतो आणि लसीची प्रतिपिंडे यायला एक ते दोन आठवडे लागतात. मधली दरी सिरम भरून काढते.

सिरमचे माप वजनावर असते. माणसाच्या रक्तापासूनचे किलोला २० युनिट, घोड्याचे किलोला ४०. पंधरा किलोच्या मुलाला माणसाचे ३०० किंवा घोड्याचे ६०० युनिट लागतात. आपल्याकडच्या नेहमीच्या कुप्यांमध्ये (१५० आणि ३०० युनिट प्रति मिली) दोन्हीचे माप २ मिलीच होते. प्रयोगशाळेत बनवलेले रॅबिशील्ड मिळाले तर किलोला ३.३३ युनिट. मुद्दा असा की हे सिरम जखमेच्या आत आणि कडेने भरावे लागते. विषाणू तिथे आहे, कमरेत नाही. कमरेत सगळे टोचून मोकळे झाले तर जखमेतला विषाणू तसाच राहतो. जखमा अनेक असतील आणि सिरम कमी पडत असेल तर सलाईन मिसळून वाढवतात, पण एकही जखम कोरडी ठेवत नाहीत. बोटाच्या पेरात मात्र जपून भरतात, दाब वाढून बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. टाके शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर सिरमनंतर आणि सैल.

सिरम पहिल्याच दिवशी द्यावे. राहून गेले तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत चालते, त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागतात आणि सिरम त्यांच्या आड येते. लसीचे दिवस: स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४, २८. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात, तेव्हा ०, ३, ७, २८, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांत ०.१ मिली. आधी पूर्ण कोर्स झालेल्या मुलाला नव्या चाव्यानंतर ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात आणि सिरम लागत नाही.

‘कुत्रे घरचे आहे, दहा दिवस पाहू’ हा विचार धोक्याचा. उपचार त्याच दिवशी सुरू करा आणि कुत्र्यावर लक्ष ठेवा. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे की कसे, ते डॉक्टर ठरवतील. मांजराच्या चाव्यालाही हेच नियम. माकडाच्या चाव्याला उपचार हेच, पण दहा दिवस पाहण्याचा नियम त्याला लागू नाही. रेबीज एकदा उमटला की त्यावर उपाय नाही. टाळायची संधी फक्त या पहिल्या दिवसांत असते.

साप चावल्यावर देतात तेही निष्क्रिय लसीकरणच का?

हो. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात बनलेली प्रतिपिंडे म्हणजे सर्पविषप्रतिबंधक सिरम, दवाखान्याच्या बोलीत एएसव्ही. आपल्याकडचे सिरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी जुनी आणि नावाजलेली.

मुलांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डोस मोठ्या माणसाइतकाच. सापाने सोडलेले विष मुलाचे वजन पाहून कमी होत नाही. लक्षणे असतील तर सुरुवात साधारण १० कुप्यांनी, शिरेतून. लक्षणे नसतील तर सिरम देत नाहीत, पण चोवीस तास लक्ष ठेवतात. घोणशीच्या संशयात काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. गुठळी झाली नाही तर विष भिनले आहे.

उसाच्या फडात आणि पाचटात घोणस असते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना आणि व्रण फार नसतो, आणि पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते, पापण्या जड होतात. अशा वेळी ‘रात्रीचे जेवण बाधले’ म्हणून थांबू नका. मण्यारीच्या विषाने आलेला लकवा सिरमने लगेच उलटत नाही, कृत्रिम श्वासाची सोय लागते. म्हणून पहिला डोस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथूनच मोठ्या रुग्णालयात. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, बेळगाव जवळ पडते. १०८ ला फोन करताना हे सांगा. आवळून बांधणे, कापणे, चोखणे, देवळात नेणे यात जातो तो वेळ परत येत नाही. पाय किंवा हात फळीने स्थिर करा आणि मुलाला चालू देऊ नका.

पडून खरचटले की दर वेळी टीटी (धनुर्वाताचे इंजेक्शन) घ्यायचे का?

नाही. वेळापत्रक पूर्ण असलेल्या मुलाला साध्या जखमेसाठी लगेच पुन्हा डोस लागत नाही. कार्ड दाखवा, डॉक्टर शेवटच्या डोसची तारीख पाहून ठरवतील. जखम खोल, माती-शेण गेलेली, किंवा पुराच्या चिखलातली असेल आणि डोस अपुरे किंवा अज्ञात असतील, तर टीडी एका जागी आणि धनुर्वात इम्युनोग्लोब्युलिन २५० युनिट दुसऱ्या जागी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घरे साफ करणाऱ्या कुटुंबांना अशा जखमांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

घटसर्पाचे सिरम असते, मग डीपीटी चुकली तर काय बिघडते?

बरेच बिघडते. घटसर्पाचे जंतू घशात बसून विष सोडतात. ते हृदयाला आणि नसांना चिकटले की सिरम त्याला सोडवू शकत नाही. सिरम फक्त रक्तात फिरणारे विष पकडते, म्हणून संशय येताच, रिपोर्टची वाट न पाहता देतात. डोस वजनावर नाही, आजाराच्या पसाऱ्यावर ठरतो, तो २० हजार युनिटपासून लाखापर्यंत जातो. सोबत पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलेले हेच तत्त्व, ज्यासाठी बेरिंग यांना १९०१ चे वैद्यकातले पहिले नोबेल मिळाले. आज हे सिरम सगळीकडे चटकन मिळत नाही. लस मात्र गावात, मोफत मिळते. आणि घटसर्प होऊन गेलेल्यालाही लस द्यावी लागते, कारण आजाराने भरवशाचे संरक्षण येत नाही.

घरात एकाला गोवर आला. लहान बाळाला वाचवता येते का?

येते, दिवस मोजून. बाळ सहा महिन्यांवरचे असेल आणि संपर्काला ७२ तास झाले नसतील तर डॉक्टर लस देऊ शकतात. त्याहून लहान बाळाला किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या मुलाला सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (किलोला ०.५ मिली, जास्तीत जास्त १५ मिली). गोवर झालेल्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस सलग दोन दिवस द्यायचे, त्याने डोळे आणि जीव वाचतो. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला कुणाची हरकत नाही, पण त्यासाठी दवाखाना आणि जेवण बंद करू नका.

सिरम, रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर एमआर कधी?

माणसाच्या रक्तातल्या कोणत्याही पदार्थात गोवराची प्रतिपिंडे असतातच, आणि ती आईच्या प्रतिपिंडांसारखीच लस निकामी करतात. थांबायचा काळ असा: हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताच्या इम्युनोग्लोब्युलिननंतर ३ महिने, माणसाच्या रेबीज सिरमनंतर ४, लाल पेशी किंवा पूर्ण रक्तानंतर ६, प्लाझ्मा वा प्लेटलेटनंतर ७, आणि कावासाकी आजारात (मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) किलोला २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल तर ११ महिने. एमआर आधी दिली आणि चौदा दिवसांच्या आत यातले काही द्यावे लागले, तर तो डोस पुन्हा द्यायचा.

पेंटा, पीसीव्ही, पोलिओ, रोटा, बीसीजी यांना थांबावे लागत नाही. घोड्याच्या सिरममध्ये गोवराची प्रतिपिंडे नसतात, त्यामुळे एएसव्हीनंतर मूल बरे झाले की एमआर देता येते. डेंग्यूत प्लेटलेट चढवलेल्या मुलांचा हा डोस हटकून विसरला जातो. डिस्चार्ज कार्डावर रक्तपदार्थाचे नाव आणि तारीख लिहून घ्या, आणि लसीच्या दिवशी ते कार्ड सोबत न्या.

घोड्याच्या सिरमची रिअॅक्शन येते म्हणतात. मग नको म्हणावे का?

नको म्हणू नका. दोन प्रकारचा त्रास संभवतो. एक लगेचचा: अंगावर गांधी, ओठ सुजणे, दम लागणे, रक्तदाब उतरणे. त्यासाठी अॅड्रेनॅलिन (१:१०००, किलोला ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत) हाताशी ठेवूनच सिरम देतात. दुसरा सात ते चौदा दिवसांनी: ताप, पुरळ, सांधे दुखणे. तो औषधांनी जातो, पण पालक त्याचा सिरमशी संबंध जोडत नाहीत. डॉक्टरांना ‘दहा दिवसांपूर्वी सिरम दिले होते’ एवढे सांगा.

कोणतीही लस घेतल्यावरही अर्धा तास केंद्रावर थांबायचे, ते याच कारणासाठी.

लसीनंतर ताप आला तर पॅरासिटामॉल किती?

किलोला १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. खरी चूक बाटलीत होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलीग्रॅम असते, सिरपच्या बाटलीत ५ मिलीत १२५ किंवा २५०. पाच किलोच्या बाळाला ७५ मिलीग्रॅम लागते, म्हणजे थेंबांचे ०.७५ मिली किंवा १२५ च्या सिरपचे ३ मिली. सिरपचे माप चुकून थेंबांच्या बाटलीतून दिले तर चौपट डोस होतो. बाटलीवरचा आकडा वाचूनच द्या.

पेंटाचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. एमआरचा पाच ते बारा दिवसांनी, कधी हलक्या पुरळासह येतो. तीन तासांहून जास्त न थांबणारे रडणे, झटका, दूध न पिणे, ढिले पडणे यातले काही दिसले तर लगेच दवाखाना. टोचल्या जागी शेक, तेल, चोळणे नको.

बीसीजीची जागा पिकली आहे. आणि काहींची पिकतच नाही?

दोन-तीन आठवड्यांनी गाठ, मग पू, मग व्रण, हे अपेक्षित आहे. तीन महिन्यांपर्यंत आपोआप वण होतो. मलम नको, फोडू नका. काखेत मोठी गाठ आली तर दाखवा. वण उमटला नाही म्हणून पुन्हा बीसीजी देत नाहीत.

सर्दी, साधा खोकला, थोडे जुलाब असताना डोस द्यावा?

द्यावा. जोराचा ताप किंवा दवाखान्यात ठेवण्याइतका आजार असेल तरच थांबावे. कमी दिवसांच्या बाळाचे वयही जन्मतारखेपासूनच मोजतात, पुऱ्या दिवसांच्या हिशोबाने नाही.

डोस चुकले तर पहिल्यापासून सुरुवात करायची का?

नाही. जिथे थांबले तिथून पुढे. पेंटा आणि तोंडाच्या पोलिओत दोन डोसांत चार आठवडे ठेवायचे, बस्स. मात्र काही लसींची वयोमर्यादा असते: बीसीजी एक वर्षापर्यंत, पेंटा, रोटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस एक वर्षाच्या आत. तो झाला असेल तर उरलेले नंतरही पूर्ण करतात. वर्ष उलटून गेले आणि पेंटाचा एकही डोस नसेल तर डीपीटी देतात, ती सात वर्षांपर्यंत. एमआर पाच वर्षांपर्यंत.

गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुले यात सर्वांत जास्त राहतात. कार्ड गावाकडे, कोप्या फडाच्या कडेला, आणि आई पहाटे फडात. या मुलांना कार्ड नसले तरी लस मिळते. मुकादमाने, फडमालकाने किंवा कारखान्याच्या कर्मचाऱ्याने गावच्या आशाताईंना टोळी आल्याची तारीख कळवली, तर सिस्टर कोप्यांवर येऊन सत्र घेऊ शकतात. हा एक फोन कुणीही करू शकतो.

खाजगी डॉक्टरांनी लस मेडिकलमधून आणायला सांगितली. कशी न्यायची?

+२ ते +८ अंशांत. बर्फाच्या पिशवीला कुपी थेट चिकटवू नका. पेंटा, पीसीव्ही, हिपॅटायटिस बी, टीडी गोठल्या की त्या बिघडतात आणि पुन्हा पातळ झाल्यावर डोळ्यांना कळतही नाही. मधे कापड किंवा पुठ्ठा ठेवा. घरच्या फ्रीजच्या दारात किंवा बर्फकप्प्याजवळ ठेवून ‘उद्या जाऊ’ म्हणू नका, त्याच फेरीत टोचून घ्या. सरकारी लशीच्या कुपीवर एक गोल आणि आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका हवा. सारखा किंवा गडद झाला तर ती कुपी बाद. पाणी मिसळलेली बीसीजी आणि एमआर चार तासांनी फेकायचीच. त्यात जंतू वाढून बाळ दगावू शकते, म्हणून सत्र संपत आल्यावर ‘उरलेलीतली द्या’ असा आग्रह धरू नका.

पुराच्या दिवसांत सत्र रद्द झाले तर पाणी ओसरल्यावर पहिल्याच सत्राला जा. दोन-तीन आठवड्यांच्या उशिराने आधीचे डोस वाया जात नाहीत.

बाळंतपण माहेरी, नंतर सासरी. कार्ड हरवले तर?

माता-बाल संरक्षण कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून आई-वडील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद करताना दिलेला मोबाइल नंबर बदलू नका, त्यावरून कुठल्याही केंद्रावर डोस दिसतात. कार्ड खरेच हरवले तर जिथे डोस झाला त्या उपकेंद्राच्या नोंदवहीतून सिस्टर तारखा काढून देतात. तारखा कुठेच मिळाल्या नाहीत, तर वयाला लागू असलेल्या लसी न झाल्यासारख्या धरून देतात. एखादा डोस दोनदा झाला तरी बाळाला अपाय होत नाही. रेबीजचा कोर्स, रक्त, प्लेटलेट किंवा इम्युनोग्लोब्युलिन यांच्या तारखा मात्र लसीकरणाच्या नोंदवहीत नसतात, त्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत स्वतः लिहून ठेवा.